शेड्युलिंगच्या प्रोजेक्टला अल्गोरिदम कोणता द्यायचा? आधी चेकर लिहायला लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सर इंदूरच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात नवीन लागलेत, यंदा त्यांच्याकडे फायनल इयरचे चार ग्रुप आलेत आणि चारही ग्रुपना शेड्युलिंग नाहीतर ऑप्टिमायझेशनचंच काहीतरी करायचंय. एकाला कॉलेजचं टाईमटेबल, एकाला परीक्षेच्या सुपरव्हिजन ड्युट्या, एकाला कारखान्याचं प्रॉडक्शन प्लॅनिंग, आणि एकाला शहरातल्या कचरागाड्यांचे रूट. सरांचा स्वतःचा विषय नेटवर्किंग. त्यांनी विचारलंय की मुलांना जेनेटिक अल्गोरिदम (उत्तरांची सरमिसळ करून त्यातली चांगली निवडत जाणारी पद्धत) देऊ, अँट कॉलनी (मुंग्यांच्या वाट शोधण्यावरून घेतलेली पद्धत) देऊ की सरळ मशीन लर्निंगकडे वळवू, आणि मला स्वतःला हे फारसं येत नसताना मी गाईड कसं करू.

मी आधी पिथमपूरला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये होते आणि नंतरची बरीच वर्षं इथेच शिकवतेय, असे प्रोजेक्ट दरवर्षी हातातून जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

सर, तुमची अडचण अल्गोरिदमची नाहीये. खरी अडचण मे महिन्यात व्हायवाला येते, जेव्हा एक्स्टर्नल विचारतात की बाळांनो, तुमच्या सॉफ्टवेअरने काढलेलं हे टाईमटेबल चांगलं आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? माझ्या पहिल्या वर्षीच्या ग्रुपला हा प्रश्न आला होता. त्यांचं लॉगिन पेज सुंदर होतं, जेनेटिक अल्गोरिदम होता, स्क्रीनवर फिटनेस, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच्या उत्तराला दिलेला गुण, ९८ येत होता. एक्स्टर्नलनी म्हटलं, हे ९८ कशाचे? आणि ऑफिसात हाताने बनवतात त्या टाईमटेबलला तुमच्या हिशेबाने किती मिळतात? मुलं माझ्याकडे बघायला लागली आणि माझ्याकडेही उत्तर नव्हतं, कारण हाताने बनवलेलं टाईमटेबल आम्ही कधी त्या प्रोग्रॅममधून घातलंच नव्हतं. मग घरी जाऊन मी त्यांचा आउटपुट पेन्सिल घेऊन तपासला, तर गुरुवारी दुपारी एकच लॅब दोन बॅचेसना दिलेली होती. मुलांनी वर्षभर मेहनत केली होती हो, चुकलं होतं ते माझं गाईड करणं, आणि ते मला आजही लागतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, पहिले दोन महिने कुणीही अल्गोरिदमचं नाव काढायचं नाही, आधी चेकर लिहायचा. चेकर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, त्याला कुठलंही टाईमटेबल एका साध्या फाईलमध्ये द्यायचं, आणि त्याने सांगायचं की यात कुठला नियम कुठे मोडलाय आणि एकूण दंड किती झाला. टाईमटेबल कुणी बनवलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, ऑफिसातल्या काकूंनी बनवलेलं असो, सॉल्व्हरने, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमने, काढलेलं असो, नाहीतर मुलांनी मुद्दाम चुकीचं भरलेलं असो. आणि चेकर लिहिणारा मुलगा वेगळा, सॉल्व्हर लिहिणारा वेगळा, म्हणजे एकाची गैरसमजूत दोन्हीकडे जात नाही.

आता हा चेकर झाला की पहिलं काम, चालू सेमिस्टरचं खरं टाईमटेबल त्यात घालायचं. इथेच खरी गंमत सुरू होते. एका वर्षी ग्रुपने घातलं तर अकरा हार्ड (मोडून चालणारच नाही असे) नियम मोडलेले निघाले. मुलं खूश, म्हणाली मॅडम, कॉलेजचं टाईमटेबलच चुकीचं आहे! मी म्हटलं, हेच टाईमटेबल तीन महिने रोज चालू आहे, तुम्हीच त्यावर वर्गात बसताय, मग चुकीचं काय आहे, टाईमटेबल की तुमचे नियम? आणि त्यांना काकूंकडे पाठवलं. काकूंकडे एक मोठा कागद असतो, आडव्या-उभ्या रेघा मारलेला, खोडून खोडून काही चौकोन काळे पडलेले, आणि कडेला लाल पेनाने बारीक खुणा. मुलांनी एकेका खुणेचा अर्थ विचारला. एका सरांचं नाव एकाच वेळी दोन लॅबमध्ये दिसत होतं कारण दोन्ही लॅबच्या मध्ये दार आहे आणि तिथे लॅब असिस्टंट असतो. दोन वर्ग एका खोलीत दिसत होते कारण तो ऑप्शनल विषय दोन्ही ब्रँचना एकत्रच शिकवतात. आणि ज्याला मुलांनी हार्ड नियम म्हणून लिहिलं होतं की अमक्या मॅडमना सोमवारी पहिला तास नको, ती फक्त विनंती होती, जमलं तर जमलं. अकरापैकी नऊ असे सुटले. उरलेले दोन मात्र खरेच चुकलेले होते, आणि काकूंनी ते मान्य करून दुसऱ्या दिवशी बदलले.

माझ्या मते त्या ग्रुपचं अर्धं संशोधन त्या दुपारी झालं. कुठला नियम मोडताच येत नाही, कुठला मोडला तर चालतो आणि किती त्रासाने चालतो, हे ज्याला नीट लिहिता आलं त्याला पुढे सॉल्व्हर कुठलाही द्या.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बरंच काही परिस्थितीवर आहे. प्रोजेक्ट एका सेमिस्टरचा आहे की दोन, मुलं बीईची आहेत की एमटेकची, ग्रुपमध्ये निदान दोघांना कोड लिहिता येतो का, आणि डेटा देणारं माणूस खरंच भेटतं का. एकाच सेमिस्टरचं काम असेल तर बाहेरच्या कारखान्याच्या मागे लागू नका, कॉलेजातलाच प्रश्न घ्या. इंदूरात तर वेळेचा हिशेब रंगपंचमीपर्यंतच धरा. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, झाली की पुढे इंटर्नल, प्लेसमेंट, सबमिशन, ग्रुप एकत्र सापडत नाही.

कारखान्याच्या ग्रुपबद्दल एक उदाहरण देते, कारण त्यातून मीच जास्त शिकले. सांवेर रोडवर शेव-नमकीन बनवणारं एक युनिट आहे, तिथे ग्रुप गेला होता. एक मोठी कढई, दिवसाला सहा प्रकार, फिकी शेव, पालक, लवंग, लसूण वगैरे. प्रश्न असा की कुठल्या क्रमाने काढायचे म्हणजे मधल्या साफसफाईत कमी वेळ जाईल. मुलांनी धरून चाललं की एका प्रकारावरून दुसऱ्यावर जायला सरसकट वीस मिनिटं. मी म्हटलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? परत जा आणि घाणा चालू असताना उभं राहून बघा. तिथले मुख्य कारागीर, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी हसून समजावलं की फिकीवरून लसणावर जायला काहीच लागत नाही, पीठ बदललं की झालं, पण लसणावरून फिकीवर यायचं तर तेल गाळा नाहीतर बदला, सोऱ्या धुवा, परात धुवा, नाहीतर फिकी शेवेला वास येतो आणि माल परत येतो. म्हणजे जायचा वेळ वेगळा, यायचा वेळ वेगळा. सहा प्रकारांचे असे तीस आकडे होतात, ते मुलांनी चार दिवस उभं राहून घड्याळ लावून मोजले.

मग ती मुलं यावर जेनेटिक अल्गोरिदम लावायला निघाली. मी विचारलं, सहा प्रकारांचे क्रम किती? ७२०. मग सगळे तपासा ना, लॅपटॉपला एक सेकंद पण लागणार नाही. तपासले. सगळ्यात चांगला क्रम आणि उस्ताद वर्षानुवर्षं लावतात तो क्रम यात चार मिनिटांचा फरक निघाला. मुलांचे चेहरे पडले, त्यांना वाटलं प्रोजेक्ट संपला. पण खरा प्रश्न तर आता सापडला होता. उस्तादांना सकाळचा क्रम लावायला कुणाची गरज नाही, त्यांची पंचाईत होते दुपारी, लसूण शेव कढईत असताना दुकानातून फोन येतो की चाळीस किलो फिकी आजच हवी. तेव्हा काय थांबवायचं, काय उद्यावर टाकायचं. ग्रुपने ऑर्डरच्या वहीतून दहा आठवड्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि प्रोजेक्ट त्यावर केला. बारा प्रकार असते तर क्रम ४७,९०,०१,६०० झाले असते आणि मग पद्धत लागलीच असती, पण आकडा बघितल्याशिवाय पद्धत निवडायची नाही हे त्या मुलांच्या डोक्यात कायमचं बसलं.

आता अल्गोरिदमकडे येते. मुलांच्या रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर एक वाक्य हमखास असतं की टाईमटेबलिंग एनपी-कम्प्लीट (म्हणजे दर वेळी झटपट सोडवणारी पद्धत माहीत नसलेला अवघड प्रश्न) आहे म्हणून आम्ही जेनेटिक अल्गोरिदम घेतला. पहिला भाग खरा आहे, १९७६ साली ईव्हन, इताई आणि शमीर यांनी दाखवलं की टाईमटेबलचा अगदी साधा केलेला प्रश्न पण त्या वर्गात बसतो. पण त्यावरून ‘म्हणून जेनेटिक’ हे निघत नाही. ते सगळ्या शक्य इन्स्टन्सबद्दल, म्हणजे त्या प्रश्नाच्या सगळ्या उदाहरणांबद्दल, आहे, आणि तुमच्या डिपार्टमेंटचे चौदा शिक्षक, सहा वर्ग आणि आठ खोल्या यांचा इन्स्टन्स एखादा चांगला सॉल्व्हर मिनिटभरात सोडवू शकतो. म्हणून माझ्याकडे क्रम असा असतो की आधी एक्झॅक्ट पद्धत, म्हणजे सर्वोत्तम उत्तर सिद्ध करून देणारी. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट हा सॉल्व्हर फुकट आहे, पायथॉनमधून चालतो, शेड्युलिंगला फार चांगला आहे. इंटिजर प्रोग्रॅमिंगने, म्हणजे पूर्णांकांच्या समीकरणांत, लिहायचं असेल तर पायथॉनमध्ये पल्प ही लायब्ररी आणि त्याच्या मागे सीबीसी किंवा हाय्स हा सॉल्व्हर, हे पण ओपन सोर्स. मॉडेल लिहायची सवय लावायची असेल तर मिनिझिंक ही भाषा. गुरोबी या विकतच्या सॉल्व्हरचं लायसन्स पण विद्यार्थी-शिक्षकांना शिक्षणासाठी फुकट मिळतं. तुम्ही स्वतः नवीन आहात म्हणता, तर मी सीपी-सॅटपासूनच सुरू करायला सांगीन.

एक्झॅक्टवर माझा इतका जोर का, तर त्याने बाऊंड मिळतो. दंड १२ आला आणि सॉल्व्हर म्हणतोय की १० च्या खाली कुणीच जाऊ शकत नाही, तर तुम्हाला कळतं की अजून जास्तीत जास्त दोन सुधारता येईल. जेनेटिक अल्गोरिदम नुसता १२ देतो, खाली अजून किती जागा आहे ते सांगत नाही. मुलांना मी फिशर आणि थॉम्पसन यांचा १० जॉब आणि १० मशीनचा जॉब शॉप प्रश्न देते, म्हणजे प्रत्येक जॉब आपल्या ठरलेल्या क्रमाने मशीनवरून जातो आणि सगळं संपायला लागणारा एकूण वेळ कमीत कमी करायचा. तो १९६३ मध्ये छापला गेला, आणि ९३० हेच त्याचं सर्वोत्तम उत्तर आहे हे कार्लिए आणि पिन्सोन यांनी सिद्ध केलेलं छापून आलं १९८९ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त! आज मुलं तोच प्रश्न सीपी-सॅटमध्ये लिहितात आणि साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत ९३० येतं, सिद्धतेसकट. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मुलांचा सॉल्व्हरवर विश्वास बसतो, आणि दुसरं म्हणजे त्यांचा कोड ९२५ देत असेल तर तो चुकलाय हे मला त्यांच्याशी भांडावं न लागता कळतं.

मग मेटाह्युरिस्टिक, म्हणजे जेनेटिकसारख्या शोधत-सुधारत जाणाऱ्या पद्धती, कधी? डेटा मोठा झाला, सॉल्व्हर रात्रभर चालून पण चांगलं उत्तर देईना, तेव्हा जरूर. पण तेव्हाही माझी अट असते, आधी साधी लोकल सर्च लिहा, टाईमटेबलातल्या कुठल्याही दोन तासांची अदलाबदल करा, दंड कमी झाला तर ठेवा, अडकलात तर नव्याने सुरू करा. मग सिम्युलेटेड अनीलिंग, म्हणजे सुरुवातीला कधीकधी वाईट बदलही चालवून घेणारी लोकल सर्च. तुमचा जेनेटिक किंवा अँट कॉलनी याच वेळेत याच्याहून चांगलं देतो का ते दाखवा, दिलं तर मला आनंदच आहे. लांडगा, वटवाघूळ, कोकिळा अशा नावांच्या पद्धती मुलं फार आणतात. केनेथ सोरेन्सेन यांनी २०१५ मध्ये यावर सडेतोड लिहिलंय की नवीन प्राण्याचं नाव दिल्याने पद्धत नवीन होत नाही, आणि माझा अनुभव तोच आहे. मुलाला विचारा, प्राण्याचं नाव न घेता सांग की तुझा प्रोग्रॅम प्रत्येक पायरीवर काय बदलतो. सांगता आलं तर पुढे जाऊ द्या.

कॉलेजचा डेटा एकच असतो, त्यावर सगळं ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि इथे ती चालत नाही. म्हणून बाहेरचे बेंचमार्क, म्हणजे तुलनेसाठी सगळे वापरतात ते तयार प्रश्न, पण चालवायला लावा. टाईमटेबलिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ पासून अधूनमधून होते. २००७ च्या स्पर्धेत परीक्षांचं टाईमटेबल आणि कोर्सच्या टाईमटेबलचे दोन प्रकार असे तीन भाग होते, २०१९ च्या स्पर्धेत तर खऱ्या विद्यापीठांचा डेटा आहे. सगळं खुलं आहे. तिथले नियम वाचून मुलांना आपला चेकर पण तपासता येतो, कारण प्रकाशित उत्तरं घालून त्यांचाच आकडा आपल्याला यायला हवा. आणि रँडम पद्धत असेल तर एक रन चालवून सगळ्यात चांगला आकडा छापायचा नाही. निदान दहा वेगवेगळ्या सीडने (रँडम आकडे जिथून सुरू होतात त्या क्रमांकाने) चालवा, वेळेची मर्यादा सगळ्यांना सारखी, आणि मधला आकडा, सगळ्यात वाईट आकडा, दोन्ही लिहा. ज्या इन्स्टन्सवर पॅरामीटर घोटून घोटून बसवले त्यावरच निकाल दाखवू नका, काही इन्स्टन्स शेवटपर्यंत बाजूला ठेवा.

एक गोष्ट मध्येच सांगते. उलटा वाटणारा निकाल आला की मुलं तो लपवतात. एका ग्रुपने जॉब शॉपमध्ये एक मशीन वाढवलं आणि एकूण वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बग समजून त्यांनी तो ग्राफच काढून टाकला होता. पण ठरावीक प्राधान्याच्या यादीने काम वाटत गेलं तर असं होऊ शकतं, रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्येच हे दाखवलंय. तोच ग्राफ परत घातला आणि व्हायवात सर्वात जास्त चर्चा त्यावरच झाली.

तुमच्या चार ग्रुपचं मी काय करीन ते सांगते. टाईमटेबल आणि सुपरव्हिजन ड्युट्या या दोन ग्रुपना डेटा आणि चेकर एकमेकांचा तपासायला लावीन, कारण शिक्षक-खोल्यांची यादी एकच आहे आणि दुसऱ्याने लिहिलेल्या नियमातली फट लवकर दिसते. कारखानावाल्यांना आधी चार दिवस शॉप फ्लोअरवर उभं करीन. आणि कचरागाडीवाल्यांना थोडं समजवा. इंदूरची स्वच्छता हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून दरवर्षी एक तरी ग्रुप तो आणतोच, पण गाड्यांचे खरे रूट, कुठे किती कचरा, कुठली गल्ली अरुंद, हा डेटा हातात नसेल तर मुलं मनाने आकडे टाकतात आणि मग ‘इतके टक्के डिझेल वाचलं’ असं लिहितात, जे कुणालाच तपासता येत नाही. त्यांना कॉलेजच्या बसचे रूट द्या, स्टॉप आणि मुलांची संख्या ऑफिसात मिळते, आणि जोडीला वेळेच्या अटींसह रूटिंगसाठी सोलोमन यांचे १९८७ चे इन्स्टन्स, १०० ग्राहकांचे ५६ आहेत.

दर आठवड्याची मीटिंग वीस मिनिटांची पुरे, पण चुकवू नका. मी मुलांकडून एकच पान मागते, गेल्या आठवड्यात काय बदललं, त्याने आकडा किती हलला, आणि अडलंय कुठे. स्क्रीन डिझाइन शेवटच्या महिन्यात, तोवर आउटपुट एक्सेलमध्ये, काकूंना पण एक्सेलच हवं असतं. आणि चौघांपैकी एक जण ‘फ्रंट-एंड माझं’ म्हणून वर्षभर बाजूला राहतो, त्याला आधीच पकडा. मी प्रत्येकाला एकेकट्याला बसवून चार लेक्चर, दोन खोल्या, दोन शिक्षक एवढं छोटं टाईमटेबल कागदावर सोडवायला लावते आणि दंड हाताने काढायला लावते. ज्याला हे जमतं त्याला प्रोजेक्ट कळलाय.

हल्ली कोड एआयकडून लिहून आणतात, त्यावर माझं भांडण नाही. मी फक्त समोर बसवून एक नियम बदलायला सांगते, समजा आजपासून कुठल्याही शिक्षकाला सलग तीन तास नकोत, कर. कुठल्या ओळीत हात घालायचा हे ज्याला माहितीये तो कोड त्याचा. ज्याला नाही त्याला रागावत नाही, पुढच्या आठवड्यात तेवढाच भाग समजावून द्यायला सांगते, बहुतेक जण करतात.

आणि तुम्हाला येत नाही याचं फार मनावर घेऊ नका. पहिल्या वर्षी तुम्ही मुलांबरोबरच शिकणार, फक्त त्यांच्या एक आठवडा पुढे राहा, चौदा शिक्षकांचं मॉडेल सीपी-सॅटमध्ये स्वतः एकदा लिहून बघा, दोन रविवार लागतील. नेटवर्किंगवाल्या माणसाला ग्राफ, कपॅसिटी, फ्लो सगळं ओळखीचंच आहे, तुम्हाला वाटतंय तेवढं हे परकं नाही.

या शनिवारी ऑफिसातून चालू सेमिस्टरच्या टाईमटेबलची फाईल आणा आणि काकूंच्या त्या खोडलेल्या कागदाचा त्यांना विचारून एक फोटो घ्या. चेकरमधून पहिल्यांदा घातल्यावर किती हार्ड नियम मोडलेले निघाले आणि त्यातले किती खरे होते ते इथेच कळवा, मग ड्युट्यांच्या ग्रुपचं पुढचं बोलू.